शॉर्ट सर्किटला कंठ फुटतो तेव्हा

वसई रोडच्या फलाटात विरार लोकल शिरते तेव्हा तिच्या प्रत्येक डब्याखाली एक गोष्ट घडत असते, जी कुणाला दिसत नाही. पोलादी चाक, त्याला जोडलेला पोलादी आस, पलीकडे पुन्हा पोलादी चाक. या तिघांनी मिळून दोन्ही रूळ विजेच्या दृष्टीने एक करून टाकलेले असतात. साध्या भाषेत सांगायचं तर गाडी म्हणजे धावतं शॉर्ट सर्किट. रेल्वेने ही गोष्ट दोष मानली नाही, तिच्यावरच सगळी सुरक्षा उभी केली. रुळांच्या एका टोकाला थोडीशी वीज सोडायची, दुसऱ्या टोकाला ती एका रिलेला धरून ठेवते. मध्ये गाडी आली की वीज चाकांतूनच परत फिरते, रिले पडतो आणि मागचा सिग्नल लाल होतो. याला ट्रॅक सर्किट म्हणतात. काही ठिकाणी आता चाकं मोजणारे ॲक्सल काउंटर आले आहेत, पण दीडशे वर्षं जगभरातल्या गाड्यांनी आपली हजेरी अशी शॉर्ट करूनच लावली.

आता हेच टेबलावर आणू. एचओ नावाचं मॉडेल रेल्वेचं माप खऱ्याच्या १:८७ असतं आणि त्यातले रूळ एकमेकांपासून १६.५ मिलिमीटरवर. (आपला ब्रॉडगेज १,६७६ मिलिमीटर. त्याला ८७ ने भागलं तर १९ मिलिमीटरहून थोडं जास्त येतं, त्यामुळे भारतीय इंजिनाचं हौसेने केलेलं मॉडेल या रुळांवर बसवताना किंचित तडजोड होतेच.) इथे दोन रुळांतूनच इंजिनाला वीज पोचते, एका रुळातून येते, दुसऱ्यातून जाते. म्हणून मॉडेलच्या आसात एका चाकाजवळ प्लास्टिकचं बूश घालून दोन्ही चाकं एकमेकांपासून तोडलेली असतात. खऱ्या गाडीने जे करायलाच हवं, ते छोट्या गाडीने कधीही करता कामा नये. एकाच घटनेचे हे दोन अर्थ मला फार विलक्षण वाटतात. त्यामुळेच टेबलावरच्या शॉर्टला आवाज कसा द्यायचा हे पाहताना वाट पुन्हा पुन्हा खऱ्या रेल्वेकडे वळते.

महाराष्ट्रात ही हौस पाहायची तर पुण्याला कोथरूडमध्ये जावं. भाऊ जोशी यांनी आयुष्यभर जमवलेल्या छंदातून उभं राहिलेलं जोशी मिनिएचर रेल्वे संग्रहालय तिथे १ एप्रिल १९९८ रोजी सुरू झालं. टेबलावर वसलेल्या त्या शहरात एकाच वेळी अनेक गाड्या धावतात, सिग्नल बदलतात, दिवे लागतात. तिथे उभं राहिलं की एक गोष्ट लगेच जाणवते. डोळा एका वेळी एकाच गाडीमागे जातो. पुलावरची गाडी पाहताना बोगद्यातली सुटते. चालवणाऱ्याचंही तेच होतं, आणि पुढचं सगळं या एका मर्यादेपासून सुरू होतं.

डिजिटल लेआउट म्हणजे काय ते आधी पाहू, कारण खरी गंमत तिथे आहे. जुन्या पद्धतीत रुळांतला व्होल्टेज वाढवला की गाडी वेगात, उलटा केला की गाडी मागे. एका रुळावर दोन इंजिनं ठेवली तर दोन्ही जुळ्यांसारखी वागणार. १९८० च्या दशकाच्या अखेरीस जर्मनीत बेर्न्ड लेन्झ यांनी वेगळी पद्धत विकसित केली. तिच्यावर आधारलेलं डीसीसी हे प्रमाण अमेरिकेच्या नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनने १९९४ मध्ये स्वीकारलं. यात रुळांवर कायम पंधरा व्होल्टच्या आसपास वीज असते, पण तिची दिशा सेकंदाला हजारो वेळा पालटत राहते. ५८ मायक्रोसेकंद एका दिशेला आणि ५८ मायक्रोसेकंद दुसऱ्या दिशेला, हा झाला ‘एक’. प्रत्येक बाजू १०० मायक्रोसेकंद किंवा त्याहून लांबली की झाला ‘शून्य’. या एक-शून्यांतून आज्ञा तयार होते: तीन नंबरच्या इंजिना, पुढे, इतक्या वेगाने. शेवटी पडताळणीचा आकडाही असतो. बारीक इंजिनाच्या पोटात बसलेला डिकोडर सगळ्या आज्ञा ऐकतो आणि फक्त आपली पाळतो. सेकंदाला शंभराहून जास्त आज्ञा त्या दोन पितळी किंवा निकेल सिल्व्हरच्या पट्ट्यांतून वाहत असतात, आणि त्याच पट्ट्यांतून मोटर फिरवायची ताकदही. वेगळी तार नाही. अन्न आणि भाषा एकाच वाटेने.

म्हणूनच शॉर्ट झालं की दोन्ही एकदम जातात. स्टेशनात एका डब्याचं चाक घसरून दोन्ही रुळांना टेकलं, तर लेआउटच्या पार दुसऱ्या टोकाला घाट चढणारं इंजिनही जागच्या जागी थांबतं. दिवे विझतात, इंजिनातला भोंगा अर्ध्यात तुटतो. रुळांना वीज पुरवणारा बूस्टर काही हजारांश सेकंदांत आपला ब्रेकर पाडतो, आणि पाडायलाच हवा. पंधरा व्होल्टला पाच अँपिअर म्हणजे ७५ वॉट. घरगुती सोल्डरिंग आयर्न २५ वॉटचं असतं. तशी तीन आयर्नं एका चाकाच्या टेकलेल्या टोकावर एकवटली तर प्लास्टिकचे स्लीपर आणि बोगी वितळायला वेळ लागत नाही.

दोषी बहुतेक वेळा सांध्यावर सापडतो. जिथे एक रूळ दुसऱ्याला छेदतो तिथे डावा आणि उजवा असे दोन्ही ‘ध्रुव’ एकमेकांपासून केसभर अंतरावर येतात. सांधा उलट्या बाजूला लावलेला असताना गाडी आली की चाक त्या दोघांना जोडतं. चाकांमधलं अंतर किंचित कमी असेल तर चाकाची पाठ उघड्या पात्याला घासून जाते आणि शॉर्ट डोळ्यांसमोर होऊन नाहीसं होतं, पुन्हा शोधायला गेलं तर सापडत नाही. कधी रुळावर विसरलेला स्क्रूड्रायव्हर असतो. वीज आपलं काम करून मोकळी होते, पण माणसाला फक्त एवढंच कळतं की सगळं थांबलं. का आणि कुठे, हे शांततेतून कळत नाही.

यावरचा पहिला उपाय म्हणजे लेआउटचे वीजविभाग पाडणं. दोन्ही रुळांना बारीक फट द्यायची आणि प्रत्येक तुकड्याला स्वतःचा ब्रेकर लावायचा. एका विभागात शॉर्ट झालं तर तेवढाच विभाग अंधारात जातो. विरारकरांना विभागांची सीमा वेगळी समजावून सांगायला नको. चर्चगेटकडून विरारपर्यंतची विद्युतीकरणाची वाट १९३६ मध्ये पूर्ण झाली, १,५०० व्होल्ट डीसीवर. पुढे गुजरातकडून आलेली वाट २५ हजार व्होल्ट एसीची. दोन्ही वीजप्रवाह विरार आणि वैतरणा यांच्यामध्ये एकमेकांसमोर येऊन थांबत, आणि त्यांच्यामध्ये तारेचा एक मृत तुकडा असे, ज्यात वीजच नसे. दोन्ही प्रकारच्या विजेवर चालणारं डब्ल्यूसीएएम-१ इंजिन तिथे ब्रेकर उघडून, केवळ आपल्या वेगावर तो तुकडा पार करत असे आणि पलीकडे दुसऱ्या विजेवर जात असे. जुन्या डीसी लोकल विरारच्या पुढे जाऊच शकत नव्हत्या. पश्चिम रेल्वेवरचं एसीकरण २०१२ मध्ये पूर्ण झालं आणि २०१३ मध्ये चर्चगेटहून डहाणूपर्यंत लोकल जाऊ लागली. विजेच्या एका सीमारेषेने कित्येक पिढ्यांचं प्रवासाचं वेळापत्रक ठरवलं होतं. टेबलावरची फट मिलिमीटरभराची असते, पण नियम तितकाच कडक आहे. फटीवरून जाणारं चाक क्षणभर दोन्ही विभागांना जोडतं, आणि दोन्हीकडच्या तारा एकाच क्रमाने जोडलेल्या नसतील तर त्या क्षणी शॉर्ट होतं.

विभाग पाडले तरी डोळ्याची मर्यादा राहतेच. ब्रेकरवर लाल दिवा असतो, पण ब्रेकर टेबलाखाली आणि चालवणारा टेबलासमोर. इथे कान कामाला येतो. कानाला मान वळवावी लागत नाही आणि तो मिटताही येत नाही. रेल्वेने हे फार आधी ओळखलं. धुक्यात सिग्नल दिसेनासा झाला की रुळावर फटाके लावायचे, चाकाखाली ते फुटले की चालकाला कळतं. ही युक्ती इंग्लंडमध्ये एडवर्ड कूपर यांनी १८४१ मध्ये काढली आणि आपल्याकडे उत्तरेच्या धुक्यात ती अजून उपयोगी पडते. दोन स्टेशनांमधल्या ब्लॉक उपकरणांना ठरावीक ठोक्यांची घंटा असते. मोटरमनच्या केबिनला लागून असलेल्या डब्यात रोज प्रवास करणाऱ्याला मागून आलेल्या दोन बेल आणि लगेच हलणारी गाडी पाठ असते. सिग्नल जवळ येताना मोटरमनला आवाजाने सावध करणारी यंत्रणाही मुंबईच्या लोकलमध्ये बसवलेली आहे. जिथे चूक महाग पडते तिथे रेल्वे डोळ्याला कानाची जोड देते.

मॉडेलसाठी लागणारा बझर नखाएवढा असतो. त्यात सिरॅमिकची एक चकती वीज मिळाली की वाकते, वीज पालटली की उलटी वाकते. या स्वभावाचं मूळ रूप, म्हणजे दाबल्यावर वीज देणारे स्फटिक, जाक आणि पिएर क्युरी या भावांनी १८८० मध्ये दाखवून दिलं होतं. असे बहुतेक बझर दोन ते चार हजार हर्ट्झवर वाजतात आणि आपला कानही नेमका तिथेच सर्वांत तीक्ष्ण असतो. कानाची नळी साधारण अडीच सेंटीमीटर लांब, एका बाजूने पडद्याने बंद. अशा नळीत साधारण तीन हजार हर्ट्झच्या आसपासचा सूर घुमून मोठा होतो. म्हणजे काही मिलिअँपिअरवर चालणारी ही चकती कानाच्या स्वतःच्या सुरात गाते.

आता जोडणी. पहिला विचार सगळ्यांच्या मनात येतो तो असा की शॉर्ट झालं की बझरला वीज द्यावी. पण शॉर्ट झाल्यावर रुळांत वीज उरतेच कुठे? बझर रुळांवरून चालवायचा म्हटलं तर नेमक्या गरजेच्या वेळी तो मुका होईल. उपाय उलटा आहे. बझरला स्वतंत्र बारा व्होल्टचा ॲडॅप्टर द्यायचा, तो कायम वाजायला तयार, आणि रुळांतल्या विजेने त्याला गप्प धरून ठेवायचं. रुळांतली डीसीसी वीज चार १एन ४१४८ डायोडच्या पुलातून एका दिशेला वळवायची. घरगुती पुरवठ्यासाठी वापरले जाणारे १एन ४००७ इथे मंद पडतात, ते पन्नास हर्ट्झसाठी बनलेले असतात आणि इथे तर ५८ मायक्रोसेकंदांत दिशा पालटते. पुलातून निघालेली वीज साधारण २.२ किलोओहमच्या रोधकातून पीसी ८१७ या ऑप्टोकपलरला द्यायची. त्याच्या काळ्या ठोकळ्यात एक बारीक दिवा आणि समोर प्रकाशाने जागा होणारा ट्रान्झिस्टर असतो. दोघांमध्ये तारेचा संबंध नाही, फक्त उजेड. रुळांत वीज आहे तोवर आतला दिवा पेटलेला, समोरचा ट्रान्झिस्टर जागा, आणि तो बझर चालवणाऱ्या दुसऱ्या ट्रान्झिस्टरचा आधार (बेस) खाली ओढून धरतो. वीज गेली की दिवा विझतो, पकड सुटते आणि बझर ओरडतो. हे सगळे भाग वसईहून लोकलने ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडवर गेलं की एका दुकानात मिळतात, आणि हातखर्चाच्या पैशांत. प्रत्येक विभागाच्या ब्रेकरनंतर असा एक संच बसवायचा.

या जोडणीत एक गोष्ट आपोआप साधते. रुळांपर्यंत येणारी तार तुटली तरी बझर वाजतो. डाख निखळला तरी वाजतो. ऑप्टोकपलर जळला तरी बहुधा वाजतो. रुळांच्या बाजूला वीज तोडणारा बिघाड कुठलाही असो, तो गप्प राहत नाही. (ॲडॅप्टर मात्र लेआउटच्याच स्विचवर घ्यावा, नाहीतर लेआउट बंद केल्यावर रात्रभर वाजेल.)

हाच विचार खऱ्या रेल्वेत एका माणसाला सुचायला दोन वर्षं लागली होती. अमेरिकेच्या विल्यम रॉबिन्सन यांनी १८७० मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या किंझुआ इथे गाडी ओळखणारी विजेची रचना बसवली, पण तिच्यात गाडी आल्यावर वीज सुरू व्हायची. तार तुटली किंवा बॅटरी संपली तर गाडी समोर उभी असूनही सिग्नल ‘रस्ता मोकळा’ सांगणार. रॉबिन्सन यांनी ते पाहिलं आणि सगळंच उलटं केलं. वीज कायम वाहती ठेवायची, तिने सिग्नलला ‘मोकळा’ या स्थितीत धरायचं, आणि गाडीने तिला शॉर्ट करायचं. मग तार तुटो, बॅटरी संपो, रूळ तडकून वेगळा होवो, सिग्नल लालच होणार. २० ऑगस्ट १८७२ ला त्याचं पेटंट त्यांना मिळालं. या लेखाच्या सुरुवातीला वर्णन केलेलं ट्रॅक सर्किट ते हेच. विरारहून सकाळी निघालेली खचाखच भरलेली लोकल ज्या विचाराच्या भरवशावर मागच्या-पुढच्या गाड्यांत अंतर राखते, तोच विचार टेबलाखाली चार डायोड आणि एका ठोकळ्यात मावतो. हे मला कळलं तेव्हापासून बझरची ती छोटीशी जोडणी फारच मोठी वाटायला लागली.

आवाज नुसता आला म्हणून काम संपत नाही, तो वाचताही यायला हवा. बूस्टर किंवा ब्रेकर पडल्यावर थोड्या थोड्या वेळाने पुन्हा वीज देऊन पाहतो. शॉर्ट तसंच असेल तर पुन्हा पडतो. म्हणून घसरलेल्या गाडीचा बझर ठेक्यात वाजतो, मध्ये क्षणभर थांबून पुन्हा. सांध्यावर पात्याला घासून गेलेलं चाक एकदाच ‘टिक्’ असा आवाज करतं. तेच ते आधी न सापडणारं शॉर्ट, आणि आता गाडी नेमकी कुठे असताना टिक झालं ते दिसतं. ध्वनी आणि दिवे असलेली अनेक इंजिनं एकाच विभागात उभी असतील, तर वीज आल्याबरोबर त्यांच्यातले कपॅसिटर एकदम भरायला लागतात आणि ब्रेकरला ते शॉर्टच वाटतं. अशा वेळी बझर अडखळत वाजतो. थोड्या दिवसांत कान हे फरक स्वतःहून ओळखायला लागतो.

एक शॉर्ट मात्र मुद्दाम ऐकू येऊ द्यायचं नसतं. रूळ वळसा घेऊन स्वतःलाच मिळतो तिथे डावा रूळ उजव्याला भेटतो. त्या वळशावर स्वयंचलित पालटणारं एक उपकरण बसवतात. ते शॉर्टची वाट पाहतं, आणि शॉर्ट जाणवल्याबरोबर ब्रेकर पडायच्या आत वळशातल्या विजेची दिशा फिरवतं. गाडी अडखळतसुद्धा नाही. म्हणजे टेबलावरही एका जागी शॉर्ट हा निरोप आहे, अगदी खऱ्या रुळांसारखा. बझरला एक लहान कपॅसिटर लावून सुमारे पाव सेकंदाचा उशीर दिला की अशा क्षणिक घटना तो सोडून देतो. मात्र मग सांध्यावरची ती ‘टिक्’ही जाते. लेआउट नवा असताना उशीर ठेवू नये, सगळं ऐकावं, आणि घासणारी चाकं दुरुस्त झाल्यावर कपॅसिटर लावावा, असं मला वाटतं.

एक सूचना विशेष सांगण्यासारखी आहे. प्रत्येक विभागाखाली एकेक सारखाच बझर लावला की आवाज येईल तिकडे शॉर्ट असेल, असं वाटणं स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात तसं होत नाही. आवाजाची दिशा ओळखायला मेंदू दोन खुणा वापरतो. खालच्या सुरांत आवाज दोन्ही कानांना किती वेळेच्या फरकाने पोचला ते, आणि वरच्या सुरांत डोक्याच्या आडोशाने तो एका कानाला किती कमी पडला ते. दोन-तीन हजार हर्ट्झच्या शुद्ध सुरात दोन्ही खुणा दुबळ्या पडतात. कान जिथे सर्वांत तीक्ष्ण, दिशेबाबत साधारण तिथेच सर्वांत कच्चा. म्हणून विभागांना जागेवरून नाही, सुरावरून आणि ठेक्यावरून नावं द्यावीत. यार्डाला खर्जातला, घाटाला उंच, स्टेशनाला दोन तुटक ठोके. वसईच्या घंटा आठवा. १७३९ च्या मोहिमेत चिमाजी अप्पांच्या सैन्याने इथल्या पोर्तुगीज चर्चमधून नेलेल्या घंटा आज भीमाशंकरला आणि नाशिकच्या नारोशंकर मंदिरात आहेत. ओतलेल्या प्रत्येक घंटेचा सूर तिचा स्वतःचा.

सगळं बसवून झालं की परीक्षा घ्यायची, आणि तिला रुपयाचं एक नाणं पुरतं. नाणं दोन्ही रुळांवर आडवं ठेवायचं, पटकन ब्रेकर पडला आणि बझर वाजला तर ती जागा पास. मग फूटभर पुढे. असं संपूर्ण लेआउटभर, प्रत्येक सांध्याच्या पलीकडे, प्रत्येक आडबाजूच्या मार्गावर. कारण एका प्रकारच्या शॉर्टपुढे ही सगळी रचना बहिरी असते. बूस्टर पाच अँपिअरला पडतो, आणि पंधरा व्होल्टला पाच अँपिअर येण्यासाठी वाटेतला एकूण रोध तीन ओहमपेक्षा कमी असावा लागतो. लांबवर ओढलेली केसासारखी बारीक तार आणि मध्ये ढिले रूळजोड असले तर रोध त्यापेक्षा वाढतो. मग नाण्यातून चार अँपिअर वाहत राहतात, ब्रेकर पडत नाही, विभागाच्या सुरुवातीला व्होल्टेज टिकून असल्यामुळे बझरही गप्प, आणि ती तार, जोड, नाणं तापत जातात. ज्या जागी नाण्याने आवाज काढला नाही तिथे नाणं लगेच उचलायचं, टेबलाखाली जाऊन १.५ चौरस मिलिमीटरची घरगुती वायरिंगची तांब्याची तार मुख्य जोडणीपासून थेट त्या रुळापर्यंत आणायची, दोन्ही रुळांना डाख लावायचा आणि तेच नाणं तिथेच पुन्हा ठेवून पाहायचं.